चार अक्षरं

रस्ता संपतो तिथे एक फाटक आहे,
त्याला निळ्या सुतळीची गाठ.
"सोडा, पण पुन्हा बांधा,"
डेनिस फॅरन आधी हे सांगतो, मग नाव.
हातात बादली, कोपरापर्यंत चुना.

डोनेगॉलच्या या टोकाला
लोक मनोरा बघायला येतात.
नेपोलियन येईल म्हणून इंग्रजांनी बांधलेला.
नेपोलियन आला नाही.
वारा मात्र दोनशे वर्षं येतोय,
आणि छप्पर गेल्यापासून
त्याला दारही शोधावं लागत नाही.

मीही मनोऱ्यासाठीच आले होते.
लेटरकेनीच्या इस्पितळात सलग चार रात्रपाळ्या,
मग एक सुट्टी, एक बस, तासभर चाल.
पाय अडखळला तो पांढऱ्या दगडाला.
"सांभाळून. 'आर'वर उभ्या आहात."

मी खाली पाहिलं. गवत. लेंड्या.
दगडांची एक ओळ, तिला फुटलेली दुसरी.
'आर' कुठेच नव्हता.

मग तो सांगू लागला, कुंचला न थांबवता:
युद्धाची वर्षं. यांची विमानं, त्यांची विमानं,
धुक्यात सगळी सारखीच आंधळी.
म्हणून देशाचं नाव दगडांत लिहिलं,
आभाळाकडे तोंड करून.
ई, आय, आर, ई.
हा आयर्लंड. आमचं भांडण नाही. पुढे जा.

"बाप माझा इथला पहारेकरी.
चार अक्षरं शिकला नाही कधी,
पण ही चार त्याच्या पाठीवरून वर आली,
खालच्या किनाऱ्यावरून, ओली,
खेपेला एक दगड."

वही ह्यू टोनर भरायचा.
बाप नुसता बघायचा आणि बोलायचा:
वारा नैऋत्य. एक विमान, फार उंच.
एक सुरुंग, काटेरी, तरंगता.
एक माणूस, पाण्यात, पालथा. बूट चांगले.
शेवटचे दोन शब्द ह्यूने खोडले,
पण खोडलेलंही वाचता येतं.

"तुम्ही वरून पाहिलंय हे?"
विमानात तो एकदाच बसला,
बहिणीच्या मयताला, ग्लासगोला.
ढग होते.

उताराखाली कुणीतरी दगडांत लिहिलंय: केव्ह,
आणि पुढे एक मोठा बदाम.
शेवटच्या 'ई'ची मधली रेघ त्यात गेली.
डेनिसला राग नाही, गुडघे आहेत.
म्हणून मी बदाम उसवू लागले.
दगड थंड, तळाला ओले,
एकाला गोगलगाय, ती तशीच ठेवली.
"कुठे?"
"थोडा समुद्राकडे. अजून. बास."

नऊ दगड झाले. रेघ झाली म्हणे.
मला अजूनही दगडच दिसत होते.
मी त्याला सांगितलं, आमच्याकडे
अक्षरांच्या डोक्यावरून एक रेघ ओढतात,
सगळ्यात शेवटी,
तेव्हा कुठे तो शब्द होतो.
त्याने मान वर केली,
अक्षरांच्या पलीकडे, पाण्याच्याही पलीकडे.
"आहे की ती," म्हणाला.
"आजच्यासारखा दिवस असला की."

साडेचारची बस.
फाटकाला गाठ मारली, पुढे गेले,
शंका आली, परत येऊन ओढून पाहिली.
नखांत चुना होता.
मनोरा बघायचा राहिलाच.