शाफ्टचा खेळ

पाताकामायात रात्री पडलेली थंडी
सकाळी नऊ वाजले तरी पान्याला चिकटून असते.
या कामाला इंजिन गारच लागतं,
म्हणून निकासियोने बेनिताला कालच बजावलं होतं:
ट्रक रात्रभर उभा ठेव,
ऊब हवी असेल तर शेगडी पेटव, इंजिन नको.

आता क्लिप ढिली करून पाईप काढलाय.
निबर झालेलं रबर, आत तेलाचा पुसट ओशटपणा.
एवढं चालतं, म्हणतो तो.
पावणेचार हजार मीटरवर माणसाला धाप लागते,
यंत्राला घाम का येऊ नये?

इथे हवेच्याच मापात पाप.
समुद्राकडून आलेले ड्रायव्हर छाती भरभरून ओढतात
आणि तरी ओंजळ रिकामीच.
टर्बो नसता
तर चोवीस टन सोयापेंड घेऊन
सीमेवरची खिंड कोण चढलं असतं?
मिनिटाला लाखभर फेरे,
आणि ज्यावर ते सगळं तोललेलं
तो शाफ्ट माझ्या करंगळीहून बारीक.

नट दोन बोटांत धर, साबिना.
पाखराची मान धरावी तसा.
आत ढकल. बाहेर ओढ.
इथे काही जाणवता कामा नये.
आता वर. आता खाली.
इथे मात्र खेळ हवाच.
हवा खेळती हवी, पैसा खेळता हवा,
शाफ्टही खेळता हवा, नाहीतर
तेलाने बसायचं कुठे?
घट्ट धरलेलं जळतं, पोरी.
फार सैल सोडलेलं भिंतीला लागतं.
मधे जी काय जागा उरते ना,
तिच्यावर माझं पोट चालतं.

मी पातं वर दाबून फिरवलं.
नख पत्र्यावरून ओढावं
तेवढाच आवाज. एका जागी. प्रत्येक फेऱ्याला.

निकासियोने स्वतः फिरवून पाहिलं.
मान तिरकी केली, उजवा कान पुढे केला.
काही नाही, म्हणाला. ठीक आहे.
बेनिता हसली, हातमोजे चढवू लागली.
उद्या संध्याकाळी आरिकाच्या बंदरात
तिच्या मालाची वाट बघणारं जहाज होतं.

घासतंय, मी म्हटलं.

कोणी काही बोललं नाही.
मग त्याने खालचा खण उघडला,
फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला डायल गेज काढला,
जो मी तीन वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.
माझी बोटंच गेज आहेत, असं तो
गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ते खरं होतं.

त्याने स्टँड धरला, टोक शाफ्टला टेकवलं.
काटा थरथरू लागला.
शाफ्टला अजून
कुणीही हात लावला नव्हता.

त्याने स्टँडवरचा हात काढला.
काटा उभा राहिला.
पुन्हा ठेवला.

किती वेळ तो त्या तबकडीकडे बघत होता, सांगता येणार नाही.
रस्त्यावरून दोन टँकर गेले, एक कुत्रं भुंकून गप्प झालं.
मग हात जॅकेटच्या खिशात घालून म्हणाला,
तूच घे माप.

मी घेतलं.
मिलिमीटरचे शंभर भाग, त्यातले एकाहत्तर.
आणि टॉर्च मारल्यावर पात्याच्या कडेला
नव्या नाण्यासारखी चमकणारी एक रेघ.

एवढी खेप जाऊ दे, बेनिता म्हणाली,
परत आल्यावर करू.
ती माझ्याकडे बघून म्हणाली, त्याच्याकडे नाही.
हे तिच्याही लक्षात आलं असावं,
कारण लगेच खाली बघत
तिने हातमोजे काढले, आधी डावा,
मग बराच वेळाने उजवा.

धूळ जाऊ नये म्हणून
मी टर्बोच्या तोंडात फडकं कोंबलं
आणि ओरुरोला फोन लावला.
दुपारच्या बसने कार्ट्रिज येईल म्हणाले,
बस आली तर.

ट्रकच्या आडोशाला बेनिताने शेगडी पेटवली,
सुकवलेल्या बटाट्यांचं सूप चढवलं.
निकासियोने वाटी दोन्ही हातांनी घेतली.
सूप काठाशी डचमळलं, थोडं सांडलं.
एवढं चालतं, मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
गेज कुठे ठेवलास, एवढंच विचारलं,
आणि ते फ्लॅनेल धुऊन टाक.