कल्ल्यांची बंदूक

लोक आधी नंबर विचारतात.
नंबर नाही. अडुसष्टच्या कायद्याआधी
असल्या बंदुकांना नंबर द्यायलाच हवा असं नव्हतं,
कुदळीला देतं का कुणी, बादलीला देतं का?
कोठाराच्या दाराआड उभी असायची,
खारींसाठी, मक्यावरच्या कावळ्यांसाठी,
पोरांचे हात पोचतील एवढ्या उंचीवर.

नावही पुष्कळदा खरं नसतं.
कारखाना एक, नळीवर छाप भलत्याच दुकानाचा.
टपालानं कॅटलॉग धाडणारी दुकानं
दुसऱ्याचं लेकरू आपल्या आडनावानं खपवायची.
म्हणून मी नळी वाचत नाही.
स्क्रू बघतो. दस्त्याच्या बुडाची पट्टी बघतो.
लाकूड अक्रोडाचं की अक्रोडी रंग फासलेलं बर्च,
ते वासावरून सांगतो,
आणि दहातल्या दोनदा चुकतो.

नोव्हेंबरात, मका निघून आयोवा भुंडा झाल्यावर,
लुएला ऑल्टहोफ आली.
घोड्याच्या घोंगडीत गुंडाळलेलं ते लांबडं
मांडीवर आडवं घेऊन बसली स्वयंपाकघरात.
कॉफी घेईन म्हणाली, मग घेतली नाही.

घोंगडी उलगडली, आणि मला कल्ले दिसले:
कुशीत कापलेल्या उभ्या फटी,
नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या माशासारख्या.
कल्ल्यांची बंदूक म्हणतो आम्ही हिला.
चाप ओढला की खट्, सोडला की खटक्.
बाकीच्या एका गोळीला एकदा बोलतात, ही दोनदा.
तिला सांगितलं: पॉइंट टू-टू, सेमी-ऑटोमॅटिक,
युद्धाच्या थोडी अलीकडची किंवा पलीकडची,
निळाई उडालेली, माशी नंतर कुणीतरी बसवलेली,
नव्वद डॉलर. फार तर शंभर.

किंमत तिनं ऐकलीच नाही.
कोटाच्या खिशातून तंबाखूची डबी काढली,
डबीत कापूस, कापसात एक रिकामं काडतूस.
"बाबांनी जपलं. त्रेपन्न वर्षं.
हिचंच आहे का, तेवढं सांगा, व्हर्लिन."

कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.
तिला एक भाऊ होता, हे अख्ख्या काउंटीला ठाऊक आहे.

रिमफायरचं असं असतं:
घाव मध्यावर बसत नाही, काठावर बसतो,
आणि ज्या त्या बंदुकीचा दात निराळा.
कुणी चौकोनी चावते, कुणी चंद्रकोर.
मागे सरपणाच्या ढिगात तीन गोळ्या झाडल्या.
खट् खटक्. खट् खटक्. खट्
खटक्.
ती खिडकीत उभी होती, कानांवर हात न ठेवता.

भिंगाखाली चार काडतुसं मांडली,
माझी तीन, तिचं एक.
भिंगावर माझाच श्वास धरत होता, दोनदा पुसलं.
माझ्या तिन्हींवर रुंद, चौकोनी घाव,
पटाशीनं उचकल्यासारखा.
तिच्यावर बारीक, गोल, कडेकडे सरकलेला.

"ही नव्हे," म्हणालो.

बराच वेळ ती टेबलाच्या रेक्झिनवरची द्राक्षं मोजत राहिली.
मग म्हणाली, "घरात ही एकच होती."
मग, "शेजारी..."
आणि तो शब्द ओठ मिटून परत घेतला.

डबी घेऊन गेली, बंदूक ठेवून गेली.
पैसे नको म्हणाली. शंभराची नोट
मी गुपचूप घोंगडीच्या घडीत सरकवली,
तर घोंगडीच विसरून गेली.

रात्री कार्ड लिहिलं, सगळ्यांचं लिहितो तसं.
नंबर: नाही. साल: अंदाजे. दस्ता: बर्च, बहुधा.
'दोष' या रकान्यापाशी थांबलो.
एक शब्द अगदी पेनाच्या टोकावर आला होता,
पण नळीत गंज आहे, माशी मूळची नाही,
लिहावं लागतं.

हल्ली प्रदर्शनात कुणी टेबलावर बंदूक ठेवली
आणि तिचा दात बारीक, गोल निघाला,
की मी किंमत विचारत नाही आधी.
विचारतो, कुणाच्या घरातली?