छंद की धंदा

डेकोरा, आयोवा. एप्रिल उजाडला तरी खिडकीत बर्फ.
लॉर्ना ट्वेट बुटांच्या खोक्यातून पावत्या उपसते
माझ्या टेबलावर: गवताचे भारे, जंतांचं औषध, कुंपणाची तार.
एकीला लेंड्यांचा वास.

मी विचारते, फॉर्म विचारतो तसंच:
नफ्याचा हेतू? वेगळं बँकखातं?
पाचांतली तीन वर्षं फायद्याची?
एकदा झाला होता, ती म्हणते. एकोणीस डॉलर.

मी लिहिते, मेंढ्या: चौदा नग.
ती पेनाकडे बघत राहते.
"नावं ठेवलीयत मी त्यांना," आणि लगेच,
"पण हे लिहू नका. नाव ठेवलं की छंद होतो ना?"
माझ्या भाषेत नावं ठेवणं म्हणजे काय
ते तिला कसं सांगू.

विकत आणलेल्या एडक्याचा घसारा मिळतो.
कागदावर तो दरसाल झिजतो,
गोठ्यात मात्र दारातून मावत नाही.

मग खोक्याच्या तळातून एक चिठ्ठी.
पावती नव्हे. गेल्या फेब्रुवारीची तारीख,
पहाटे तीन चाळीस, ओव्हनच्या उघड्या दारापाशी.
"ह्याचं काही मिळतं?"

घरी जन्मलेलं कोकरू.
खरेदी शून्य, म्हणून नुकसान शून्य.
नियम सोपा आहे. मी तो तीनदा वाचते.

"बाटली कुठून आणली होती?"
ती पुन्हा खोक्यात हात घालते, बराच वेळ.
चार डॉलर वीस सेंट.
ती मी धंद्यात धरते.