किंवा

चौकीत तिला दोनदा सांगितलं होतं,
चोरी नाही ही बाई, दिवाणी आहे.
म्हणून राजव्वा येमूल आमचा जिना चढून आली.
मला सनद मिळून चार महिने झालेले,
सर जेवायला गेलेले.

काय अडकवलंय त्यांनी?
पट्ट्या, म्हणाली. पुठ्ठ्याच्या.
नवऱ्यानं भोकं पाडलेल्या, बाराशे चाळीस,
दोरीत ओवलेल्या.
जकार्डवर चढवल्या की चादरीत तळं उतरतं,
तळ्याकाठी दोन बगळे, एकमेकांवर रुसलेले.
तो गेला, त्या कारखान्यातच राहिल्या.
बत्तुल म्हणतो, उचल फेडा, मग न्या.
उचल कितीची, कागद कुठंय,
ते म्हणत नाही.

नोटिशीची पोच आली. उत्तर नाही.
दाव्यात एक रकाना असतो, मालाचं वर्णन.
असं लिहायचं की बेलिफानं
अंधारात हात घातला तरी ओळखावं:
पिवळा पुठ्ठा, कडा तेलकट,
कोपऱ्यात जांभळ्या शाईनं तेलुगू आकडे,
सातशेबारावर चहाचा डाग.
तो माझ्या हातून सांडला, म्हणाली, ते नका लिहू.
डाग तेवढा लिहिला.

समोरचे वकील हसले.
रद्दीच्या भावात सातशे रुपये होतात, साहेब.
संगणकावर पोरगं दोन दिवसांत काढून देतं हल्ली,
बगळे कशाला, मोर देतो.
मी कलम वाचून दाखवलं,
पैशानं भरून येत नसेल तिथं वस्तूच द्यावी.
केवढंसं कलम,
त्याच्या आडोशाला आम्ही साडेतीन वर्षं काढली
तारखा घेत,
कोर्टाबाहेरच्या गाड्यावर
कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खात.

उलटतपास.
तुम्हाला या पट्ट्या वाचता येतात?
न्हाई.
मग तुम्हाला काय उपयोग?
पंचवीस वर्षं चादरींना गाठी मारल्या साहेब,
वाचता येत न्हाई,
एखादी चुकली तर कळतं.
बगळ्याची मान तुटती.

हुकूम झाला.
प्रतिवादीने वस्तू परत द्याव्यात,
किंवा, ते शक्य नसल्यास, रुपये अठरा हजार.

ते किंवा खोडा, म्हणाली.
मी समजावलं,
ते कोर्टालाही लिहावंच लागतं.
वस्तू हरवते, जळते, उंदीर खातात.
म्हणजे त्यानं पैसे फेकले की झालं?
नाही. त्याच्याकडे असेल तर द्यावीच लागेल,
नसेल तरच पैसे.
ती गप्प बसली.
मग काय, म्हणाली, न्हाई म्हणंल त्यो.

दरखास्त. परत तारखा.
शेवटी एका मंगळवारी रिक्षातून
बेलिफ, ती आणि मी
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत.
जळाल्या, बत्तुल म्हणाला, पंखा बंद न करता.
बेलिफानं पेनाचं टोपण काढलं.
ती तोवर निघाली होती,
टॉवेलांचे गठ्ठे ओलांडत,
कांड्यांच्या खोलीत,
मोडक्या बीमच्या मागं.

ज्वारीचं पोतं होतं.

ती फरशीवर बसून मोजायला लागली,
वकटी, रेंडु, मूडु,
माग चालू होते, आवाज पोहोचत नव्हता,
नुसते ओठ दिसत होते.
बेलिफानं तीनदा घड्याळ पाहिलं.
दिवे लागले.
बाराशे एकोणतीस.

मिळाल्या म्हणून सही करा, बेलिफ म्हणाला,
अकरा पुठ्ठ्यांनी काय होतं.
लिहा, म्हणाली.
काय लिहू?
अकरा कमी. कुठल्या, ते पण लिहा.
चारशे तीन ते चारशे तेरा.

त्यानं लिहिलं. मग तिनं सही केली,
सावकाश, आडनावासकट.

परतताना पोतं तिच्या मांडीवर.
अशोक चौकात सिग्नलला रिक्षा थांबली
तेव्हा म्हणाली,
मानेच्या हैत त्या.
कुणाच्या?
डावीकडच्याच्या.