सोबतची यादी पाहावी

अर्जावर दावेदाराच्या नावासाठी
दोन ओळींची चौकट आहे.
मी लिहिलं : एनिड हॅलिवेल आणि इतर एकशे त्रेचाळीस.
सोबतची यादी पाहावी.

यादी नऊ पानांची. टाचणी पुरेना,
म्हणून भोकं पाडून हिरवी दोरी ओवली.
शिक्का एक. फी एक. क्रमांक एक.

एनिडबाई पहिल्या, कारण त्या पहिल्यांदा आल्या.
ग्रिमशॉ शेडमध्ये एकतीस वर्षं, सहा माग.
म्हणाल्या, "ओरडू नकोस पोरा, तोंड उजेडाकडे कर."
मागांच्या खडखडाटात त्या सगळ्या ओठांनीच बोलायच्या :
कुणाला दिवस गेले, कुणाचा नवरा पिऊन पडला,
या डोळ्याचं त्या डोळ्याला,
आणि मुकादम मध्येच उभा, त्याला पत्ता नाही.
गिरणीभर कापूस,
कानात घालायला बोळा नाही.

मग मीरपूरहून आलेले, रात्रपाळीचे अकरा.
त्यातल्या आठांची जन्मतारीख एक जानेवारी.
साहेबांनी मला दोनदा विचारलं, नक्की?
करम इलाही म्हणाला, आई सांगायची गहू कापताना झालास.
मी एक जानेवारीच ठेवली.

एक रकाना आहे : ऐकू येत नाही हे कधी कळलं?
तारीख महत्त्वाची, तिथून तीन वर्षं मोजतात.
लेनर्ड टॅटरसॉलनं लिहिलं,
मला नाही कळलं. बायकोला कळलं.
किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली
आणि मी शेजारी बसून पेपर वाचत होतो.
तारीख?
त्या दिवशी बर्न्ली हरली होती.

एडना क्रॉशॉनं सही केली नाही.
मुकादम तिचा भाऊ होता.

फेब्रुवारीत क्रमांक सत्त्याऐंशी गेला.
नावापुढे 'मयत' टंकलं, खाली 'तर्फे मुलगी',
आणि पुढची सगळी नावं एकेक ओळ सरकली,
बाकावर कुणासाठी तरी जागा करावी तशी.

कंपनीच्या वकिलांनी आधी कानांवर हात ठेवले.
मग म्हणाले, माग वेगळे, सालं वेगळी, कान वेगळे.
कुणी फौजेत तोफेपाशी होता,
कुणी रविवारी बँडमध्ये कॉर्नेट फुंकायचा.
एवढ्यांची मोट बांधता कशी?

नियमात शब्द एकच आहे : सोयीचं.
सगळ्यांचं एकत्र चालवणं सोयीचं आहे का.
कोणाच्या सोयीचं, ते नियम सांगत नाही.

सुनावणीला प्रेस्टनला दोन बस केल्या.
न्यायाधीश हलक्या आवाजाचे, सर्दी झालेले.
आमचे बॅरिस्टर कान पुढे करून बसलेले,
आणि पहिल्या बाकावरून एनिडबाई वळल्या,
आवाज न करता तीन रांगांना सांगितलं :
चालेल. एकत्र चालेल.
मागे कुणीतरी नाक शिंकरलं.
बॅरिस्टर अजून पेन शोधत होते.

मग न्यायाधीश कारकुनाकडे झुकून
हळूच काहीतरी बोलले, नोंदीत न येणारं.
सगळ्या रांगा एकदम स्तब्ध झाल्या.

पायऱ्यांवर मी विचारलं, काय म्हणाले ते?
"खिडकी लाव म्हणाले."
एवढंच?
माझं तोंड उजेडाकडेच होतं.
त्यांनी हातमोजे चढवले, बस कुठंय ते पाहिलं,
आणि मला दिसेल असा
कानाडोळा केला.