काडी वेचताना

सावळजच्या वरच्या अंगाला, कोल्ड स्टोरेजच्या मागं
आमची शेड. गंधकाची धुरी दुपारपर्यंत डोळ्यांत राहते.
पट्टा सरकतो, बेदाणा येतो,
काडी बाजूला, काळा बाजूला, फुटका बाजूला.
हात गुंतलेले, तोंडं मोकळी.

मंगळवारी तिसरी सापडली.
माळावरच्या पडक्या विहिरीत. पोत्याला तांब्याची तार.
म्हणजे मोटारी भरणारा तोच,
हे पट्टा सुरू व्हायच्या आत ठरलं.
पेपरात त्याच्या नावाआधी 'संशयित' छापलंय.
छबूताईनं मोठ्यानं वाचताना
तो शब्द खड्यासारखा उचलून बाजूला टाकला.

मग सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं.
"कुणाच्या डोळ्याला डोळा देत न्हवता," अनुसया म्हणाली.
"टक लावून बघायचा," तिची जाऊ म्हणाली.
दोघींचंही पटलं.
बायको नांदली नाही. मांजरं पाळायचा.
उधारी मागायला कधी दारात आला नाही,
"का आला नसंल, सांग की!"

मुकादम म्हणाला, अकरा हायत म्हणं, मोबाईलवर आलंय.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत सतरा झाल्या.
आकडा चढत गेला सौद्यातल्या भावासारखा,
आणि खरं सांगते, दर वेळी अंगावर काटा यायचा
त्यात थोडी गोडी होती.

मी गप्प.
आमच्या विहिरीची मोटार त्यानंच भरली, दोनदा.
उंबऱ्याशी बसून चहा प्याला,
कप स्वतःच विसळून पालथा घातला.
काल रात्री तो कप फळीवरून काढला,
दिव्याखाली धरला.
कप होता. कानाशी थोडा टवका गेलेला.
फेकवेना. त्यातून पिववेनाही.

लंका माझ्या डाव्या हाताला बसायची.
एका चिमटीत दोन काड्या धरायची,
डब्यातली लसणाची चटणी आधी मला, मग स्वतःला.
पाडव्याच्या आदल्या दिवशी आली नाही.
आठव्या दिवशी तिची आई आली,
हातात पोरीच्या आधार कार्डाची झेरॉक्स,
शेडच्या दारात, चप्पल बाहेर काढून.

तेव्हा आम्ही काय बोललो
ते आता कुणाला आठवत नाही.
मला आठवतं, कारण बोलणारी मीच होते:
"गेली असंल कुणाच्या तरी मागं.
यील चार म्हैन्यांनी, पोट घिऊन."
पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी हसू फुटलं.
म्हातारी जरा वेळ उभी राहिली,
झेरॉक्सची घडी घातली, अजून एक घडी घातली,
आणि ठाण्यावर गेली.
तिथं साहेबांनी तिला तेच सांगितलं, जरा बऱ्या भाषेत.

नसीमा तेव्हा बाजारात बांगड्या भरत होती.
फुलाबाईची सून बाळंत व्हायची होती,
डिंकाचे लाडू वळायला तीच बसली होती.

आता पेपरात लंका 'पहिली' आहे.
तिच्या जागेवर नवी पोरगी बसते, अठराची.
विचारते, "मावशी, दिसायला कसा हो त्यो?"
लंका कशी होती, हे नाही विचारत.
तिच्याच पाटावर बसून.

उद्या त्याला तासगावच्या कोर्टात आणणार.
ट्रॅक्टर ठरलाय. मुकादमानं अर्ध्या दिवसाची सुट्टी दिलीय, भरपगारी.
छबूताईनं जुन्या चपला पिशवीत घालून ठेवल्यात.
"येतीस न्हवं, मालन?"

एक काडी दाण्याच्या पोटातच मोडलेली.
ओढावी तर दाणा फाटतो.
पट्टा काही थांबत नाही.
मी तो दाणा तसाच पुढं जाऊ दिला.