शेवटचे दहा मणी

गुरुवारी मिस्सेच्या भाकरी भाजायच्या.
नुसतं पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही.
लोखंडी साच्याच्या जबड्यात पळीभर पांढरं ओतायचं
आणि क्रूसाचा ठसा उमटेस्तोवर दांडा दाबून धरायचा.
गोल चकत्या कापून झाल्या की उरते जाळी,
ती खिडकीपाशी ताटकळलेल्या पोरांची.
अजून कुणाचंच शरीर न झालेली भाकर
त्यांच्या दातांत कुरकुरते.

रेदेम्प्ताच्या हातून चकती कधी करपली नाही.
आज दुसरा दांडा हिलारियाने धरला
आणि पहिल्या बारा काळ्या पडल्या.
कुणी बोललं नाही.
रात्रप्रार्थनेपासून मिस्सेपर्यंत आम्ही मौन पाळतो,
पण हे ते मौन नव्हतं,
हे सकाळी अकराचं होतं.

पहाटे तिची खाट नियमाप्रमाणे आवरलेली,
उशीवर चार घड्यांत पांढरं शिरोवस्त्र.
डोंगर उतरणारी बस साडेचारला सुटते.
तिच्या गावचं सरोवर इथून दोन दिवसांवर.
नाश्त्याला सिस्टर एउफ्रासिया एवढंच म्हणाल्या,
"आपली बहीण घरी गेली. तिची आठवण ठेवा,"
आणि लापशीत साखर घातली.
त्या कधी घालत नाहीत.

मला मात्र आधीच ठाऊक होतं.
तीन ते चार माझी आराधनेची पाळी.
कडी वाजली, मग पायऱ्या,
मग चहाच्या मळ्यातून खाली खाली जाणारा
एक विजेरीचा ठिपका.
देवासमोरून मध्येच उठायचं नसतं
हा नियम तेव्हा मला
फार सोयीचा वाटला.

संध्याकाळी रोझरी.
पाच नवदीक्षिता, पाच दशकं,
प्रत्येकीने एकेक पुढे न्यायचं.
पहिलं देउसदेदिताचं, ती घाई करते.
दुसऱ्यात हिलारिया जांभई गिळते.
तिसरं झालं. चौथं माझं, तेही झालं.
पाचवं तिचं.

बाहेर गाय खोकली.
धुकं कापराच्या झाडांवरून उतरून
पार उंबऱ्यापर्यंत आलेलं.
सिस्टर एउफ्रासियांनी कुणाचंच नाव घेतलं नाही.

फक्त सिस्टर मोदेस्ता, वय एक्याण्णव,
दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या,
त्या नेहमीच आमच्या तीन मणी मागे असतात.
एरवी आम्हाला हसू आवरत नाही.
आज त्यांचा दात नसलेला आवाज
माझंच दशक ओढत येत राहिला,
सलामु मारिया,
सलामु मारिया,
आणि आम्ही सगळ्या उत्तर देत गेलो,
आधी कधी दिलं नव्हतं इतक्या मोठ्याने,
उत्तर द्यायला काहीतरी आहे म्हणून.

तिसऱ्या मण्याला तेही संपलं.

मोदेस्ताबाई थांबल्या. त्यांना शांतता ऐकू येत नाही,
त्या आमचे ओठ बघतात.
एकीचेही हलत नव्हते.

गुरुवारचं पाचवं रहस्य: शेवटचं जेवण,
भाकर मोडून वाटणं.
माझ्या बोटांना अजून करपल्याचा वास होता.
त्यांची नजर फिरत फिरत माझ्यापाशी आली
तेव्हा मी सुरू केलं,
माझं नसताना,
अगदी सावकाश,
त्यांना वाचता येईल असं.